चौदा नंबरच्या पवनचक्कीमागे

क्रांती शेलारनं ११२ ला फोन लावला तो सोमवारी सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी, आईच्या मोबाईलवरून. आपण मोठ्यांनी सांगितलेलं काम करतोय, असंच तिला वाटत होतं.

सांगितलेलं होतंच. डिसेंबरपासून पाटणच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ड्रोनची आवई उठली होती. चोर आधी ड्रोन सोडतात, घरं हेरतात आणि मग येतात, असं जो तो सांगायचा. क्रांतीचं गाव उंबरटेक तर पठाराच्या पायथ्याला. पठारावर पवनचक्क्यांची रांग, आणि पलीकडे धरणाचं पाणी. धरणावर काहीही उडवायला बंदी. म्हणून सरपंच शंभूराजनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर स्वतःच्या फोटोसकट फ्लेक्स लावला होता : ‘आकाशात संशयास्पद वस्तू दिसल्यास तात्काळ ११२ वर कळवा.’ शाळेत आलेल्या पोलीस मॅडमनीही मुलांकडून तो नंबर तीनदा म्हणून घेतला होता.

क्रांती सहावीत होती. रोज सकाळी दुधाची किटली डेअरीत पोचवायचं काम तिचं. त्या सोमवारी ती बांधावरून निघाली आणि सहज वर बघितलं, तर चौदा नंबरच्या चक्कीपाशी काहीतरी होतं. राखाडी, लांबट, दुधी भोपळ्यासारखं, पण केवढं तरी मोठं. त्याला पंख नव्हते. आवाज नव्हता. ते एका जागी उभं होतं. चक्कीचं पातं आडवं आलं की ते झाकायचं, पातं सरकलं की पुन्हा दिसायचं. क्रांतीनं किटली खाली ठेवली. सात मिनिटं ते तसंच राहिलं आणि मग वाऱ्याच्या उलट्या दिशेला, धरणाकडे, सावकाश निघून गेलं. मोबाईल घरी होता. ती किटली तशीच बांधावर सोडून घरी पळाली.

“घरात मोठं कोण आहे?” फोनवरच्या बाईंनी विचारलं.

“आई धारा काढतीया. आमचं तात्या, आजोबा, आज भरतीच्या पोरांना पळवायला पाटनला गेल्यात. पन बघितलं मी हाय.”

दुपारी दोन शिपाई आले. पठाराकडे बोट दाखवायला लावून त्यांनी तिचा फोटो काढला, चहा घेतला आणि गेले. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण त्या फोटोला कुणीतरी ‘उंबरटेकच्या आकाशात ड्रोन, धरणाला धोका’ असं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलं, आणि दोन दिवसांत ते पार कराडपर्यंत फिरलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला पठाराखालच्या रस्त्यावर एक माणूस मोटारसायकल उभी करून झाडाखाली बसलेला पोरांना दिसला. त्याच्या मांडीवर काळी पेटी होती आणि पेटीतून वायरी बाहेर आल्या होत्या. पोरं सात होती. त्यांनी विचारलं काय हाय, तो म्हणाला मशीन हाय. एवढ्यावर मारायला सुरुवात झाली. तो सांगलीकडचा, नाव धन्यकुमार. डेअरीतली दुधाचं फॅट मोजायची मशीनं दुरुस्त करत गावोगाव फिरणारा, पन्नाशीचा माणूस. डेअरीचा सेक्रेटरी ओरडत धावत आला तोवर त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. सात जणांत पुढं होता शिवतेज, सरपंचाचा मुलगा. मारतानाचा व्हिडिओही त्याच्याच मित्रानं काढला होता.

शुक्रवारी सकाळी शंभूराज शेलारांच्या अंगणात येऊन बसले. शेजारी क्रांतीचे आजोबा, लालासाहेब. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावातल्या पोरांना भरतीसाठी रोज पहाटे पठारावर पळवायचे, आणि त्यातला सगळ्यात चपळ शिवतेज. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं मैदानी चाचणी काढली होती. लेखीचा निकाल यायचा होता.

“गुन्हा दाखल झाला तर गेली भरती,” शंभूराज म्हणाले. “तात्या, तुमाला मी सांगायचं काय?”

“न्हाई, मला ठावं हाय.” लालासाहेबांनी क्रांतीला जवळ बोलावलं. “बाळ, आज साहेब येनार हायती. त्येनी इचारलं, तर म्हनायचं, सोमवारी खाली रस्त्याला एक मानूस हुता. हातात पेटी हुती. बास.”

क्रांतीला आधी नीट कळलंच नाही. “पन न्हवता, तात्या.”

“लांबून दिसला नसंल.”

“रस्ता दिसतो की बांधावरनं. कुनीच न्हवतं.”

शंभूराज हसले. हसताना त्यांचे डोळे तसेच राहिले. “पोरी, फोन तू केलास. तुझ्यामुळं पोरं रानोमाळ राखन करत हुती. आता त्येंच्या अंगावर आलं, तर तू मोकळी? एवढं बोलायला काय तोंड दुखतंय का तुजं?”

आई, वैजयंता, गोठ्याच्या दारात शेणाचे हात तसेच धरून उभी होती. नवरा अमृत फौजेत, आसामात पोस्टिंगवर. घरात सासऱ्यांचा शब्द. सरपंच गेल्यावर तिनं क्रांतीच्या पाठीत एक धपाटा घातला. “तुला कुनी सांगितलं हुतं आभाळाकडं बघायला?”

दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाटण ठाण्याच्या निकम साहेबांनी चौकशी घेतली. लहान मुलीचा जबाब घरी, आईसमोर, साध्या कपड्यात घ्यायचा असतो, असं सोबतची महिला शिपाई हळूच म्हणाली. निकम साहेबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी तिनं जबाब लिहायला वही उघडली. साहेब गणवेशात होते. समोर क्रांती, तिच्यामागे आई आणि आजोबा, आणि खिडक्यांच्या गजांना धरून निम्मं गाव.

“नाव?”

“क्रांती अमृत शेलार.”

“यूट्यूब बघतेस?”

“कवा कवा.”

“काय बघतेस? परग्रहावरची माणसं, तबकड्या?”

खिडकीतून हसू आलं.

“रांगोळी,” क्रांती म्हणाली.

“बरं. तर सोमवारी तुला ड्रोन दिसला.”

“ड्रोन मी म्हनले न्हाई. लय मोठं हुतं ते.”

“केवढं?”

“आपल्या एसटीएवढं. जास्तच.”

आता हसू मोठं झालं. निकम साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण नजर तिच्यावरच ठेवली. “एवढं मोठं होतं आणि गावात दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही? तुलाच बरं दिसलं? अंदाज कसा केलास?”

“ते चक्कीच्या मागं हुतं. पातं आडवं आलं की झाकायचं. म्हंजी पात्याच्या पलीकडं. आनि तरीबी पात्याच्या निम्म्याला येत हुतं. जवळ असतं तर गोष्ट येगळी.”

महिला शिपाई ते लिहून घेत होती. साहेबांनी बोटांत पेन फिरवलं. “ते राहू दे. खाली रस्त्यावर जो माणूस होता, त्याच्या हातात काय होतं?”

“मानूस न्हवता.”

“नीट आठव. काळी पेटी. मोटारसायकल.”

“न्हवतं काय.”

“हा इसम पंचवीस वर्षं या भागात फिरतोय. त्याला रस्ते माहीत, धरण माहीत. सोमवारी तो कुठं होता ते त्याला धड सांगता येत नाही. तू त्याला वाचवतेस का? ओळखीचा आहे?”

“मी त्येला बघितलंच न्हाई कवा.”

“साहेब,” मागून लालासाहेब म्हणाले, “ल्हान हाय. घाबरलीया. मी इचारतो.” ते पुढे आले, तिच्यासमोर वाकले. त्यांचा आवाज रोज पोरांना रांगेत उभं करतानाचा होता. “क्रांती. हुता का न्हवता मानूस?”

तिला रडू फुटलं. सगळ्या खिडक्या तिच्याकडे बघत होत्या आणि त्यात शिवतेजही होता, पार भिंतीला टेकून, चेहरा पांढरा पडलेला. त्यानं तिला सायकल शिकवली होती. “न्हवता, तात्या,” ती म्हणाली. “मी काय करू? न्हवता.”

लालासाहेब ताठ झाले आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेले.

महिला शिपायानं जबाब जसाच्या तसा लिहिला होता. निकम साहेबांनी तो वाचला, “पुन्हा बघू” म्हणाले, पण व्हिडिओ साताऱ्याला पोचला होता आणि धन्यकुमारच्या गावचे लोक कुणातरी मोठ्या माणसाला घेऊन तिथल्या वरच्या साहेबांना भेटून आले होते. संध्याकाळच्या आत शिवतेजसह सातही जणांवर गुन्हा दाखल झाला. धन्यकुमारला कराडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पण त्याच्या खाटेशी पोलीस बसून राहिला. संशय काही फिटला नव्हता.

शनिवारी डेअरीत शेलारांच्या दुधाला एकाएकी फॅट लागेना, म्हणजे भाव मिळेना. रविवारी सेक्रेटरी नजर चुकवत म्हणाला, “वैनी, तुमी दूध दुसरीकडं घाला. माझा नाइलाज हाय.” त्या दिवसापासून वैजयंता दोन किटल्या डोक्यावर आणि हातात घेऊन तीन किलोमीटरवरच्या वाडीत जायला लागली. शाळेत क्रांतीच्या बाकावर कुणी बसेना. पाण्याच्या टाकीवर भामाबाई, शिवतेजची आजी, तिला बघून हंडा उचलायची आणि म्हणायची, “आली बया आभाळ बघनारी. माज्या नातवाचं वाटोळं करून आली.” क्रांती हंडा घेऊन उभी राहायची, सगळ्यांचं भरून झाल्यावर भरायची.

लालासाहेब तिच्याशी बोलायचे थांबले. जेवायला बसले की पाणी हवं असलं तरी सुनेला सांगत. क्रांती तांब्या ठेवायची, ते तो उचलत, पण शब्द नाही. अमृतचा फोन आला, तर तोही आधी तिच्यावरच ओरडला. “माज्या युनिटपातूर आलाय तो फोटो! घरातली जनावरं सांभाळा म्हनावं, आभाळ सांभाळायला आमी हाय.”

आठ दिवसांनी पत्र आलं. धरणाचा विषय असल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली होती. पाल्यासह हजर राहावे. धन्यकुमारलाही त्याच दिवशी बोलावलंय, असं कानावर आलं. सासरे यायला तयार नव्हते. वैजयंता एकटीच लेकीला घेऊन साताऱ्याच्या गाडीत बसली. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा आईनं भजी घेतली आणि कागद क्रांतीच्या मांडीवर ठेवला.

सरकारी इमारतीतल्या त्या खोलीत एसी होता आणि क्रांतीला थंडी वाजत होती. तिघांतल्या कुणी तिला दरडावलं नाही. त्यांची तऱ्हा वेगळी होती. एकानं फोटो पुढे केले, हवामान खात्याचा फुगा, ढग, विमान, पतंग. “यातलं काय होतं? निवड.”

“यातलं न्हवतं.”

“यातलंच एक असणार. जे जवळचं वाटतं ते सांग.”

“फुगा वाऱ्याबरूबर जातो. ते उलटं गेलं.”

दुसऱ्यानं तिच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद बघितला. सकाळीच तिला डोळे तपासायला पाठवलं होतं. तो कागद उलटा करून त्यानं ठेवला, कारण त्यात दोष काही निघाला नव्हता. “गणितात किती मार्क आहेत?” त्यानं विचारलं. “विज्ञानात? वडील घरी नसतात ना? एकटं वाटतं का? कुणी आपल्याकडे लक्ष द्यावं असं वाटतं का?”

“आता लय लक्ष देत्यात,” क्रांती म्हणाली. “मला नको हाय ते.”

तिसऱ्या, मधल्या अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. “त्या दिवशी त्या भागात कुठलंही उड्डाण झालेलं नाही, अशी सगळ्या खात्यांची उत्तरं आहेत. म्हणजे तिथं काही नव्हतं. कळलं का, बाळ? काही नव्हतं. बाहेर बसा. एक कागद देतील, त्यावर आईनं सही करायची.”

बाहेरच्या बाकावर एक माणूस गळ्यात हात अडकवून बसला होता. हाताला प्लास्टर. शेजारी त्याची बायको, मांडीवर औषधांची पिशवी. वैजयंतानं त्याला व्हिडिओत बघितलं होतं. ती थबकली.

त्यानंही क्रांतीला फोटोवरून ओळखलं. “हीच काय ओ ती?” तो बायकोला म्हणाला.

“मी क्रांती,” क्रांती म्हणाली. “मी सांगितलं तुमी न्हवता म्हनून.”

“ते सांगितलंस,” धन्यकुमार म्हणाला. “पण फोन तूच केलास की. तो केला नसतास तर सांगायची येळच आली नसती.” त्यानं डाव्या हातानं प्लास्टर दाखवलं. “ह्या हातानं मी सुईएवढा स्क्रू बसवायचो. डॉक्टर म्हणतोय बोटं पहिल्यासारखी वळणार न्हाईत. पंचवीस वर्षं तुमच्या गावाला येतोय मी. एकानं तरी म्हणावं, आरं, हा आपला मशीनवाला हाय? ज्यांच्या घरी ताक पिलो त्यांची पोरं होती ती.”

क्रांती खाली बघत राहिली. तिला वाटलं होतं तो तरी बरं बोलेल. बसमध्ये सगळा वेळ तिनं तेच मनात धरलं होतं.

“तिच्यावर कशाला चिडताय,” बायको, चंपाबाई, म्हणाली. पण तिचाही आवाज मऊ नव्हता. तिनं वैजयंताकडे बघितलं. “तुमी काय सही करणार हाय काय त्या कागदावर?”

“कसला कागद त्योच ठावं न्हाई मला.”

“आमच्या वकिलानं सांगितलंय. पोरीनं खोटं सांगितलं असं लिहून घेणार, आणि फाईल बंद करणार. करा की. साहेबांची सुटका हुईल, तुमची बी हुईल. पण पोरगी खोटी ठरली की तिचा सगळा जबाब खोटा. माणूस न्हवता, हे पण खोटं. मग ती सात पोरं म्हणणार, आमी खऱ्या चोराला धरलं. ह्यांच्या उशाचा पोलीस परवाच उठलाय. पुन्हा बसंल.”

आतून कारकून आला. टाइप केलेला कागद, खाली सहीसाठी फुलीची खूण. वैजयंता सातवी शिकलेली. तिनं एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं. ‘माझ्या पाल्याने गैरसमजातून व लक्ष वेधून घेण्यासाठी खोटी माहिती दिली असून, यापुढे असे घडणार नाही याची मी हमी देते.’

“इथं करा,” कारकून म्हणाला. “लवकर. जेवायची वेळ झालीय.”

वैजयंतानं क्रांतीकडे वळून विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं सरळ विचारलं होतं. “खोटं हाय का गं?”

“न्हाई.”

“माजी शप्पत घेऊन सांग.”

“तुजी शप्पत. न्हाई.”

वैजयंतानं कागद परत केला. “खोटी म्हनून मी सही करनार न्हाई.”

“अहो बाई, सही केली नाहीत तर फाईल बंद होणार नाही.”

“मग ऱ्हाऊ दे उघडी.”

कारकून आत गेला. मधला अधिकारी स्वतः बाहेर आला. त्यानं आता आवाज चढवला. अफवा पसरवल्याबद्दल पालकावरही कारवाई होऊ शकते, नवरा सरकारी नोकरीत आहे याचा विचार करा, मुलीच्या शाळेला कळवावं लागेल, असं सगळं तो एका दमात बोलला. वैजयंतानं डोक्यावरचा पदर नीट केला. “कळवा,” ती म्हणाली. “फोन कराय तुमीच शिकवलं साळंत. आता तुमीच म्हनताय लबाड. मी अडानी हाय, पन एवढं कळतं मला.”

अधिकाऱ्यानं आत जाऊन दार लावून घेतलं. धन्यकुमारनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. दोघी निघाल्या तेव्हा चंपाबाईनं पिशवीतून एक मोसंबं काढून क्रांतीच्या हातात दिलं.

महिन्याभरानं समितीचा अहवाल आला. त्यात वस्तूच्या रकान्यापुढे ‘अनिर्णित’ असं लिहिलं होतं. क्रांतीच्या जबाबात ‘कोणीही इसम आढळला नाही’ हे वाक्य तसंच राहिलं, आणि त्याच्या आधाराने धन्यकुमारचं नाव संशयितांतून काढलं गेलं. सातही पोरांना जामीन मिळाला, पण खटला उभा राहिला. शिवतेज लेखी परीक्षेत पास झाला होता. चारित्र्य पडताळणीत नाव अडकलं आणि ती भरती गेली. त्या दिवशी शेलारांच्या परसात कुणीतरी कडब्याची गंजी पेटवून दिली. तक्रार लिहून घ्यायला ठाण्यातून कोणी आलं नाही.

शेवटी वैजयंतानंच ठरवलं. जूनमध्ये क्रांतीला उंब्रजला मामाकडे ठेवायचं, तिथल्या शाळेत सातवीला घालायचं. अमृतनं फोनवर नुसतं “बरं” म्हटलं. लालासाहेबांना कुणी विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर मायलेकी उभ्या होत्या. पठारावरून पोरांना पळवून लालासाहेब खाली येत होते, शिटी गळ्यात, पायात कॅनव्हासचे बूट. ते नेहमीच्या वाटेनं घराकडे वळतील असं वाटलं, पण सरळ थांब्याकडे आले. जरा अंतर राखून उभे राहिले.

“तिकडं नीट ऱ्हा,” ते म्हणाले. पाच महिन्यांतले पहिले शब्द.

क्रांतीनं मान हलवली. मग तिला राहवलं नाही. “तात्या, शिवतेजदादा येतो का पळायला?”

“येतो.” लालासाहेबांनी पठाराकडे बघितलं. “सगळ्यांच्या फुडं आसतो. कशापायी पळतोय त्ये त्येला बी ठावं न्हाई.” मग ते म्हणाले, “मी तुला लबाड बोलायला सांगितलं. ते मला सांगाय नको हुतं.”

क्रांतीला ‘असू दे’ म्हणता आलं नाही. तिच्या मनात ते असू देण्यासारखं नव्हतंच. गाडी आली. आईनं ट्रंक आत ढकलली आणि क्रांती मागोमाग चढली. खिडकीतून बघितलं तेव्हा तात्या अजून तिथंच होते, आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, घाम पुसत, शिवतेज उभा होता. त्यानं हात केला नाही. तिनंही केला नाही. कंडक्टरनं घंटी मारली.